हॉस्पिस पारखताना आधी औषधतक्ता, मग बाग

हॉस्पिस, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्या माणसाला शेवटच्या काळात आराम देणारी जागा, बघायला गेलेले नातेवाईक बहुतेक वेळा बाग बघून परततात. स्वच्छ फरशी, कोपऱ्यात समई, हळू आवाजात बोलणारी माणसं. हे असलं तर छानच, पण रात्री दोनला आजोबा कळवळायला लागले की तिथे लागते एक गोळी, ती कुठल्या कपाटात आहे हे ठाऊक असलेली सिस्टर आणि ती द्यायचा आधीच लिहून ठेवलेला हुकूम. या तीन गोष्टी जागेवर आहेत का, हे डॉक्टर नसलेल्या माणसालाही तपासता येतं.

देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी सुरू केलं. त्यांचं एक केंद्र गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. दोन्ही ठिकाणी पैसे घेत नाहीत आणि दोन्हींची उभारणी कर्करुग्णांसाठी झाली. अलीकडे मात्र ‘पॅलिएटिव्ह केअर’ची, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणाऱ्या सेवेची, पाटी वृद्धाश्रमावर, नर्सिंग होमच्या वरच्या मजल्यावर आणि घरी आया पुरवणाऱ्या ब्युरोवरही दिसते. पाटी लावायला काहीच लागत नाही, म्हणून पहिला प्रश्न सरळ विचारावा: तोंडी मॉर्फीन, म्हणजे तीव्र वेदनांवरचं जोरकस औषध, तुमच्याकडे आत्ता साठ्यात आहे का?

‘लागलं तर मागवून देतो’ हे उत्तर म्हणजे नाही. मॉर्फीन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं, ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिलसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवली आणि वेगवेगळ्या परवान्यांऐवजी संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एकच मान्यता पुरेशी केली. तेव्हा ‘कायद्याची फार कटकट आहे हो’ ही सबब आता चालू नये. मान्यता असलेली संस्था कुलूपबंद कपाट आणि साठ्याची वही निमूटपणे दाखवते.

दुसरी मागणी औषधतक्त्याची. दुसऱ्या रुग्णाचा तक्ता ते दाखवणार नाहीत, दाखवला तर तीच काळजीची बाब. कोरा नमुना मागा, आणि आपला माणूस दाखल झाल्यावर त्याचा तक्ता रोज वाचा. मॉर्फीनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा असतात. रात्री दहाची मात्रा बहुधा दुप्पट देतात, म्हणजे दोनला उठवावं लागत नाही. तीच साधी गोळी ‘दिवसातून तीनदा’ लिहिलेली असेल तर दर आठ तासांतले चार तास माणूस दुखण्यात काढणार, हे हिशेबानेच कळतं. ‘दुखलं तर द्या’ एवढंच लिहिलं असेल तर त्याहून वाईट. आपल्याकडचे म्हातारे शेवटपर्यंत ‘चालतंय’ म्हणत राहतात.

नियमित मात्रेखाली मधल्या कळेसाठी वेगळी ओळ हवी. ती मात्रा साधारण चार तासांच्या मात्रेइतकीच असते: दर चार तासांनी १० मिलिग्रॅम चालू असेल तर मधे लागल्यास आणखी १०. चोवीस तासांत ही जादा गोळी तीन-चारदा लागली की डॉक्टरने नियमित मात्रा वाढवायला हवी. आठवडाभर जादा गोळ्या जातायत आणि मूळ आकडा तसाच, याचा अर्थ तक्ता कुणी वाचत नाही. मॉर्फीनबरोबर त्याच दिवसापासून रेचक हवंच. बद्धकोष्ठ हा या औषधाचा हमखास त्रास आहे आणि तो सवयीने जात नाही. मळमळ मात्र बहुतेकांची काही दिवसांत जाते. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर मॉर्फीनचे अवशेष शरीरात साठतात. अंग झटके देऊ लागतं, माणूस बरळतो, गुंगीत जातो. दाखल करतानाच क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट मागतात का, हे पाहून ठेवा.

फेंटानिल या वेदनाशामकाचा, त्वचेवर चिकटवायचा पट्टा लावला असेल तर त्यावर तारीख-वेळ लिहिलेली असावी, तो ७२ तासांनी बदलतात. लावल्यावर परिणाम दिसायला बारा तास किंवा जास्त जातात, त्या मधल्या वेळात गोळी चालू ठेवायची असते. इथे चूक फार होते: पट्टा लावला, गोळी बंद केली, रात्रभर हाल. दुसरी चूक घरच्यांची, पट्ट्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवण्याची. उष्णतेने औषध अंगात जास्त वेगाने उतरतं आणि श्वास मंदावू शकतो.

रात्रीबद्दल विचारताना ‘डॉक्टर चोवीस तास आहेत का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की रात्री किती रुग्णांमागे किती सिस्टर आणि किती मावशी असतात, आणि धाप, उलटी, आकडी, रक्तस्राव यांसाठीची औषधं फाइलमध्ये आधीच लिहून ठेवतात का. नसतील तर सिस्टर फोन लावत बसते. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग पुष्कळ, त्यांत मोठी रक्तवाहिनी फुटायचा धोका असतो. जाणती जागा अशा खाटेजवळ गडद रंगाचे टॉवेल ठेवते. पांढऱ्या चादरीवरचं रक्त घरचे विसरू शकत नाहीत.

याच रुग्णांच्या जखमांना वास येतो, म्हणून वॉर्डात शिरताना नाकाचं ऐका. फिनेलचा उग्र दर्प म्हणजे काहीतरी झाकलं जातंय असं खुशाल समजा. वासावर साधा इलाज आहे: मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकतात. चिकटलेली पट्टी सलाईनने भिजवून सोडवतात, खसकन ओढत नाहीत. ड्रेसिंगच्या आधी पुरेसा वेळ राखून दुखण्याची गोळी देतात. खिडक्यांना जाळ्या हव्यात. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या व्हायला वेळ लागत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. त्याचा तक्ता भिंतीवर असतोच, पण दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच ओघात केलेल्या दिसल्या तर त्या संध्याकाळी बसून भरल्यात. एअर मॅट्रेसची परीक्षा हाताने करा: तळहात वर करून गादीखाली, माकडहाडाच्या जागी सरकवा. रुग्णाचं हाड हाताला लागलं तर गादीत हवा पुरेशी नाही आणि ती शोभेची आहे. वीज गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर चालतो का, हे लोडशेडिंगच्या गावांत विचारायलाच हवं. तोंडही बघा. जिभेवर पांढरा थर असेल तर ती बुरशी असू शकते, तसं असेल तर औषध द्यायला हवं. कोरडे, फुटलेले ओठ म्हणजे तोंड पुसायला कुणी फिरकलेलं नाही.

शेवटच्या दिवसांत सगळ्यात जास्त भांडण सलाईनवरून होतं. ‘उपाशी मारताय का?’ असं मुंबईहून आलेला मुलगा विचारतो. शरीर बंद पडत असताना दिलेलं सलाईन पायांत आणि छातीत साठतं, घरघर वाढते. चांगली जागा हे घाईत उडवून न लावता बसून समजावते, घोटभर पेज किंवा चमच्याने पाणी कसं द्यायचं ते शिकवते, कधी थांबायचं तेही. धाप लागली की तोंडावर टेबलफॅनचा वारा आणि मॉर्फीनची लहान मात्रा यांनी आराम पडतो. रक्तातला ऑक्सिजन कमी नसेल तर मास्क विशेष काही करत नाही. प्रत्येक नाकावर मास्क असलेला वॉर्ड बघून आम्हाला तरी धीर येत नाही.

कागदांचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३ च्या बदलानंतर इच्छापत्र, म्हणजे कृत्रिम उपचार नकोत हे आगाऊ लिहिलेलं पत्र, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं; ते फाइलला लावतात का विचारा. संस्थेत मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला नमुना ४ वर आणि घरी झाल्यास ४अ वर मिळतो, मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत. घरी येणारी सेवा घेत असाल तर पहाटे चारला दाखला कोण देणार हे पहिल्याच भेटीत ठरवा, नाहीतर पहाटे डॉक्टर शोधत फिरावं लागतं. त्यांचा रात्रीचा नंबर रुग्णाचं नाव नोंदवल्यावर पहिल्याच रात्री एकदा, थोडक्यात, लावून पाहा. उचलणाऱ्याला तुमच्या रुग्णाचं नाव आणि चालू मात्रा सापडायला हवी.

पैसे घेणाऱ्या जागेत डायपर, पट्टे, रुग्णवाहिका आणि सोबत राहणाऱ्याचं जेवण दरात धरलंय का, ते लेखी घ्या.

माणूस गेल्यावर उरलेल्या मॉर्फीनच्या गोळ्या घरात ठेवायच्या नसतात. त्या मोजून, वहीत नोंद करून परत घेणारी संस्था ती वही आधीपासूनही नीट लिहीत आलेली असते.