हॉक्सची क्लॅरिनेट : वरचा जोड झाला, आता पट्टीचा प्रश्न

जुन्या क्लॅरिनेटच्या दुरुस्तीत वरचा जोड, म्हणजे नळीचा वरचा भाग, एकदाचा हवाबंद झाला. बोटांनी भोकं झाकायची, खालचं तोंड तळहातावर दाबायचं आणि वरून हवा ओढायची. आता पोकळी धरून राहते, पूर्वी लगेच फुस्स व्हायची. खालच्या जोडात डाव्या करंगळीच्या एका चावीपाशी गळती उरली आहे. तिच्याकडे शेवटी येतो, कारण या खेपेला मुख्यतः पट्टीबद्दल, म्हणजे वाद्याचे स्वर किती चढे-उतरे आहेत त्याबद्दल, लिहायचं आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: वाद्य लाकडी, बी फ्लॅट, सिंपल सिस्टीम (चाव्यांची जुनी रचना), चाव्या जर्मन सिल्व्हरच्या, खालच्या जोडावर दोन रिंगा. एका बँडवाल्या कुटुंबाकडून आलं. पेटीचं अस्तर कसरीने खाल्लेलं, माउथपीस मूळचा नाही. ठसा मात्र भिंगाखाली अजून स्वच्छ वाचता येतो: हॉक्स अँड सन, डेन्मन स्ट्रीट, पिकॅडिली सर्कस, लंडन.

ठशावरून काळ किती सांगता येतो? हॉक्स यांचा धंदा 1865 मध्ये सुरू झाला आणि सुरुवातीपासून त्यांची मुख्य गिऱ्हाइकं म्हणजे लष्करी बँड. 1930 मध्ये बूझी आणि हॉक्स या दोन कंपन्या एकत्र आल्या. तेव्हा नुसता ‘हॉक्स अँड सन’ असा ठसा असेल तर वाद्य 1930 च्या आधीचं, इतकं नक्की. ते कोणाच्या हातचं, हे ठसा सांगेलच असं नाही. त्या काळात लंडनच्या दुकानांच्या नावाने विकली जाणारी पुष्कळ वाद्यं फ्रान्समध्ये घडायची आणि ठसा तेवढा दुकानदाराचा पडायचा. नॉर्मंडीत ला कूत्यूर-बूसे नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी लेथवर सुषिर वाद्यं कातली जायची. थिबूव्हिल, नोब्ले, मार्तां फ्रेर ही जुन्या वाद्यांवर दिसणारी नावं तिकडचीच. आपल्याकडे जुन्या बाजारात ‘लंडन’ वाचलं की भाव दुप्पट सांगतात, त्यांना हे ऐकवून उपयोग नसतो.

सिंपल सिस्टीमला ‘अल्बर्ट’ म्हणतात ते ब्रुसेल्सच्या युजीन अल्बर्ट (1816–1890) यांच्यावरून. रचनेचा पाया क्लॅरिनेटवादक इवान म्युलर यांच्या 13 चाव्यांच्या क्लॅरिनेटचा. पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या समितीने 1812 मध्ये ती नापसंत केली होती. पुढे युरोपभर चालली ती तीच, हा भाग वेगळा. म्युलर यांची मला जास्त आवडणारी करामत म्हणजे पॅड. त्याआधी चावीखाली चामड्याचा सपाट तुकडा असायचा आणि चाव्या वाढल्या की गळती वाढायची. त्यांनी आत भरण घातलेला फुगीर पॅड आणि त्याला बसणारी खोलगट वाटी आणली, म्हणून तेरा चाव्या शक्य झाल्या. अल्बर्ट यांची वाद्यं इंग्लंडमध्ये गाजली ती तिथले नामांकित क्लॅरिनेटवादक हेन्री लाझरस यांच्यामुळे. त्यांची पसंती असल्याचं काही वाद्यांवर चक्क कोरलेलं असे. जाहिरातीला कलावंत धरायची युक्ती काही आजची नाही.

आता पट्टी.

माझी क्लॅरिनेट आजच्या बी फ्लॅटशेजारी ठेवली तर साधारण पावणेदोन सेंटिमीटर आखूड भरते. सी क्लॅरिनेट म्हणावी तर फारच लांब. ट्यूनरवर जवळजवळ सगळे स्वर सारख्याच प्रमाणात चढे, सुमारे पाव स्वराने. अशी लक्षणं दिसली की वाद्य ‘हाय पिच’चं समजायचं, म्हणजे ‘ए’ या स्वराची सेकंदाला 452.5 च्या आसपास कंपनं (ए = 452.5). आजच्या 440 पेक्षा हे 48 सेंटांहून (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) थोडं वर, अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्मं.

ही चढी पट्टी ब्रिटिश लष्कराची. 1854 मध्ये, क्रिमियाच्या युद्धकाळात, इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात अनेक पलटणींच्या बँडनी मिळून ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवलं आणि ते एकाच वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजलं, असं सांगतात. त्यानंतर 1857 मध्ये नेलर हॉलची लष्करी संगीतशाळा निघाली आणि सगळ्यांना एका पट्टीत आणलं गेलं. ती एक पट्टी मात्र चढी होती. फ्रान्सने 1859 मध्येच कायदा करून ए = 435 ठरवला होता. लंडनच्या क्वीन्स हॉलमधल्या मैफिली 1895 मध्ये खाली उतरल्या त्या जॉर्ज कॅथकार्ट नावाच्या घशाच्या डॉक्टरांच्या अटीमुळे. चढ्या पट्टीने गायकांचे गळे बिघडतात म्हणून पैसे देताना त्यांनी पट्टी उतरवायला लावली आणि वादकांसाठी खालच्या पट्टीची वाद्यं बेल्जियमहून मागवली. लष्कराने मात्र जुनी पट्टी 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सोडली नाही. पलटणींबरोबर ही वाद्यं हिंदुस्थानात आली, संस्थानांच्या बँडमध्ये गेली आणि तिथून लग्नाच्या वरातीत पोहोचली. म्हणून आपल्याकडे माळ्यावरून निघणाऱ्या जुन्या क्लॅरिनेटमध्ये चढ्या पट्टीच्या इतक्या सापडतात.

लोक सल्ला देतात, ‘लांब बॅरल करून घ्या, उतरेल.’ (बॅरल म्हणजे माउथपीस आणि वरचा जोड यांच्यामधला आखूड तुकडा.) उतरते, पण वाकडी उतरते. हिशोब सोपा आहे. सगळी भोकं बंद केल्यावरच्या सर्वांत खालच्या ‘ई’साठी हवेचा स्तंभ अंदाजे 58 सेंटिमीटरचा लागतो आणि एकही भोक न झाकता वाजणाऱ्या ‘जी’साठी 25 चा. बॅरल पावणेदोन सेंटिमीटरने वाढवली तर 58 मध्ये तीन टक्के वाढ होते, 25 मध्ये सात टक्के. अर्धा स्वर म्हणजे सुमारे सहा टक्के. म्हणजे ‘ई’ हवा तितका उतरला तेव्हा ‘जी’ अर्ध्या स्वराहून जास्त खाली घसरलेला असतो. भोकं लाकडात आहेत, ती काही बॅरलबरोबर सरकत नाहीत. मी तर म्हणेन, हाय पिचच्या वाद्याला लांब बॅरल बसवून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आणि आपल्याला ती उतरवायची गरजच काय? ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला 440 चं बंधन असतं. आपण सा लावतो. या वाद्यावर ‘सी’चं बोट धरलं की काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध स्वर येतो, ‘जी’चं धरलं तर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मध्ये. तानपुऱ्याच्या ॲपवर मी सा तिथे सरकवला आणि यमन वाजवला. तीव्र मध्यम जागेवर, पंचम जागेवर, कुठे ओठ आवळायची वेळ नाही. तबला मधल्या पट्टीत बसवता येतो, तंबोरा तर लावाल तिथे लागतो. अडते ती फक्त पेटी. तिचे स्वर पक्के बसवलेले असतात, म्हणून हार्मोनियमच्या साथीला ही क्लॅरिनेट चालणार नाही. पण त्या एका अडचणीपायी उत्तम लाकूड टाकून द्यायचं का? सिंपल सिस्टीमवर बोट सरकवून मींड जास्त मोकळी येते ती वेगळीच. वरच्या हाताला भोकावर रिंग नसल्यामुळे बोट लाकडावरून थेट ओढता येतं.

लाकडाचंही सांगतो. बाहेरून काळं दिसलं म्हणजे ग्रेनाडिलाच, म्हणजे आफ्रिकन ब्लॅकवुडच, असं समजू नका. जुन्या वाद्यांना काळा रंग सर्रास दिलेला असे. मी जोडाच्या खाचेत, रंग पोहोचत नाही तिथे, ओल्या कापसाने पुसून पाहिलं. आतून जांभळट काळं निघालं, बारीक घट्ट रेषांचं. त्यामुळे आफ्रिकन ब्लॅकवुड म्हणायला हरकत नाही. आपल्या शिसवाचा हा सख्खा गोत्रज, दोघेही डालबर्जिया या एकाच प्रजातीतले. आतून तपकिरी निघालं असतं तर कोकस असण्याची शक्यता होती. ते कॅरिबियन बेटांवरचं लाकूड ब्रिटिश कारागिरांचं लाडकं. आणखी एक गोष्ट तपासा: लाकडाऐवजी एबोनाइट तर नाही ना? उष्ण मुलखात लाकूड तडकतं म्हणून कडक रबराची वाद्यंही करत. अंगठ्याने जोरात चोळलं की गंधकाचा वास येतो आणि उन्हाने रंग हिरवट तपकिरी होतो.

तडा एकच आहे, वरच्या जोडावर, ट्रिलच्या भोकापासून वर गेलेला, केसाएवढा. आरपार नाही. त्यात पातळ सुपरग्लू केशाकर्षणाने मुरवला आणि वरून त्याच लाकडाची भुकटी भरली. पिना घालणार नाही. पावसाळा संपल्यावर हवा कोरडी झाली की तडा पुन्हा उघडतो का, ते बघायचं. पोटात बदामाचं तेल अगदी अलगद दिलं आहे, पॅडखाली प्लास्टिकचे तुकडे घालून.

पॅड चिकटवायला चपडा (शुद्ध केलेली लाख) वापरला. बाजारात गरम गोंदाच्या कांड्या मिळतात, पण चपडा ताठ राहतो आणि वाटी परत गरम करून पॅड कितीही वेळा सरळ करता येतो. युरोपातले कारागीर हेच वापरत, आणि ती लाख बहुतेक आपल्याकडूनच जायची. हॉक्सच्या वाट्या खोल आहेत. आजचे पातळ पॅड आत हरवतात, म्हणून मागे फेल्टची चकती देऊन वर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेलं मऊ पांढरं कातडं ताणून बसवलं. बैठक तपासायला सिगारेटच्या कागदाची चिंचोळी पट्टी पॅडखाली धरून ओढायची. चारही बाजूंनी सारखी अडकली पाहिजे.

उरलेल्या गळतीचं कारण सापडलं. पॅड चांगला आहे, भोकाच्या काठाचा एक टवका उडालेला आहे, नखाला लागतो. काठ खरडून खाली घेतला तर स्वर बदलेल, म्हणून टवका भुकटी आणि ग्लूने भरून काठ पुन्हा उभा करतो आहे. ते वाळलं की सगळ्या चाव्या लावून प्रत्येक स्वराचे सेंट मोजीन आणि तक्ता इथे देईन. कोणाकडे डेन्मन स्ट्रीटचा ठसा असलेली दुसरी बी फ्लॅट असेल तर माउथपीस सोडून लांबी मोजून कळवा, बॅरलची लांबीही वेगळी लिहा.