डिस्कचा सातबारा

गुरुवार, रात्री पावणेबारा

गुरुवारी भोसरीच्या औद्योगिक भागात सुट्टी, कारखान्यातली मशिनं बंद. महिनाअखेरीचं स्टॉकचं गणित मी मुद्दाम याच दिवशी चालवते, म्हणजे 'मॅडम, सिस्टीम स्लो झालीय' असे फोन येत नाहीत. दुपारी साडेतीनला घरूनच ते कारखान्याच्या सर्व्हरवर सुरू केलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. परत येऊन बघते तर कनेक्शन तुटलेलं.

वॉचमनला फोन लावला. "लाइट गेलीवती, आत्ता आली. तुमचा तो डबा दोनदा ओरडला न् गप झाला." डबा म्हणजे यूपीएस. त्याच्या बॅटरीला चौथं वर्ष लागलंय आणि 'पुढच्या महिन्यात बघू' असं गेले चार महिने मीच म्हणतेय. तेव्हा त्या विषयावर आज गप्प बसलेलं बरं.

सव्वापाचला तिथे पोचले. लाइट आल्या आल्या सर्व्हर आपोआप उठला होता आणि त्याच्यामागोमाग व्हर्च्युअल मशीनही, म्हणजे सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा कॉम्प्युटर. ऑटोस्टार्ट मीच लावून ठेवलेला, कौतुकानं. दहा-बारा मिनिटं मशीन चाललं आणि मग मेलं. पुन्हा सुरू करायला गेले तर एकच ओळ: 'इमेज इज करप्ट, कॅनॉट बी ओपन्ड रीड/राइट'. इमेज म्हणजे त्या मशीनची अख्खी डिस्क जिच्यात असते ती फाइल.

ही ओळ वाचून आधी पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, हे तर क्यूएमूनं, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, शहाणपणच केलंय. डिस्कचे हिशेब जिथे ठेवलेत नेमक्या त्याच जागेवर डेटा लिहिला जातोय हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून त्यानं इमेजवर 'बिघडलेली' असा शिक्का मारला आणि लिहिणं बंद केलं. खरं नुकसान त्याआधीच्या दहा मिनिटांत होऊन गेलं होतं.

दुरुस्तीची कमांड लगेच मारायला हात शिवशिवत होते. मारली नाही. आधी अख्खी इमेज बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, सत्तर जीबी. घाईत पुढचं यूएसबी पोर्ट वापरलं, ते निघालं जुनं टू पॉइंट झीरो. चाळीस मिनिटं. वॉचमननं चहा आणून दिला आणि 'काही मोठं हाय का?' असं विचारलं. मी म्हटलं, बघू.

कॉपीवर चेक चालवला. ४१२ क्लस्टर (म्हणजे इमेजचे तुकडे) लीक, आणि २७ चुका.

आकडे बघून वाटतं, लीकचाच घोळ मोठा. उलट आहे. या क्यूकाऊ फॉरमॅटमध्ये (काऊ म्हणजे गाय नव्हे, 'कॉपी ऑन राइट') इमेजचे ६४ केबीचे तुकडे पाडलेले असतात. एका तक्त्यात कुठला तुकडा मशीनच्या डिस्कवरच्या कुठल्या जागेचा ते लिहिलेलं, आणि दुसऱ्यात प्रत्येक तुकडा किती जण वापरतायत त्याची मोजणी. दुसरा तक्ता म्हणजे सरळ सातबारा. लीक म्हणजे उताऱ्यावर मालकाचं नाव आहे, पण जमीन पडीक. ४१२ तुकडे म्हणजे जेमतेम २६ एमबी, कोण विचारतंय! पण त्या २७ चुका म्हणजे जमिनीवर माणूस घर बांधून राहतोय आणि उताऱ्यावर जागा मोकळी. पुढचं गिऱ्हाईक आलं की तलाठी तीच जागा त्यालाही विकणार. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू झालं ना, त्या दहा मिनिटांत हेच चाललं होतं.

मग उतारा चुकला कसा, ते बघायला मशीनची सेटिंग उघडली. डिस्कच्या ओळीत 'कॅश' (लिहायचा डेटा मेमरीत कसा धरायचा ते) पुढे एकच शब्द: 'अनसेफ'.

तो मीच लिहिलाय. दोन वर्षांपूर्वी जुन्या सर्व्हरवरून डेटाबेस हलवताना आयात रात्रभर संपेना, तेव्हा हे लावलं आणि दोन तासांत काम उरकलं. अनसेफ लावलं की आतलं मशीन 'हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही' म्हणतं, आणि बाहेरून नुसतं 'हो, लिहिलं' असं उत्तर जातं. डेटा असतो मेमरीत. लिनक्स तो साधारण तीसेक सेकंदांत, त्याच्या सवडीनं आणि त्याच्याच क्रमानं खाली उतरवतं. आतल्या फाइल सिस्टीमचं जर्नल, डेटाबेसचा डबलराइट बफर, लाइट गेली तरी डेटा वाचवणाऱ्या या सगळ्यांची भिस्त त्या एका 'हो'वर. दोन वर्षं आम्ही त्यांना खोटं सांगत होतो.

आयात संपल्यावर ती ओळ बदलायची होती. वहीत लिहिलेलंही सापडलं: 'कॅश परत — उद्या'.

शुक्रवार

सुट्टी टाकल्यासारखी एका कोपऱ्यात बसून होते. कॉपीवर दुरुस्ती चालवली. सत्तावीसच्या सत्तावीस दुरुस्त, पुन्हा तपासून 'एकही चूक नाही'. साहेब खूश. त्यांना सांगायला जिवावर आलं की उतारा दुरुस्त झाला म्हणजे पाडलेलं घर परत उभं राहत नाही. मग फाइल सिस्टीम तपासली. लॉस्ट-फाउंडमध्ये, म्हणजे बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये, नुसत्या नंबरांच्या नावाच्या अकरा फाइली, बहुतेक लॉगचे तुकडे.

डेटाबेस साधेपणानं उठेना. त्याला जबरदस्तीनं उठवायच्या १ ते ६ पायऱ्या आहेत, आणि ४ पासून पुढे डेटा कायमचा खराब होऊ शकतो असं मॅन्युअलच सांगतं. पहिल्याच पायरीवर उठला. देव पावला. एकेक टेबल बाहेर काढत गेले. सगळी आली, आवक चलनांचं सोडून. ते आलं, पण शेपूट तुटलेलं. गणित संपलं की टेबल नव्यानं बांधून घ्यायची ओळही माझीच. लाइट गेली तेव्हा नेमकं तेच चाललं होतं, आणि सर्वांत शेवटी लिहिल्या जाणार होत्या त्या सर्वांत ताज्या नोंदी. बॅकअप रविवार रात्रीचा. म्हणजे सोमवार ते बुधवारची ४१ चलनं गायब.

दुपारी सेटिंगमध्ये 'अनसेफ' काढून 'नन' केलं, म्हणजे आता तो 'हो' खोटा नाही, आणि ऑटोस्टार्ट बंद केला. अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही.

शनिवार

स्टोअरचे काका गेटवरचं आवक रजिस्टर घेऊन आले. लांबलचक, कोपरे गोल झालेलं. ते वाचणार, मी टाइप करणार.

"काका, जरा हळू."

"ताई, मी हळूच वाचतोय, अक्षरच तसं आहे."

गेटवर दोघं जण. एक इंग्रजी आकडे काढतो, दुसरा मराठी, आणि घाईत दोघंही दोन्ही. मंगळवारी साठ एमएमचे गोल बार आलेत, तीन-तीन मीटरचे. नग किती? एक उभी रेघ आणि डोक्यावर गाठ. इंग्रजी नऊ की मराठी एक? मी चष्मा काढून बघितलं, काकांनी चष्मा लावून बघितलं. गेटवर विचारलं तर दोघंही म्हणतात, माझं अक्षर नाही.

काकांनी पावत्यांचा गठ्ठा सोडला, थुंकी लावून उलटत गेले आणि काट्याची पावती काढली. ६०० किलो. "साठचा बार तीन मीटर म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट किलो," असं म्हणत त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"नऊ. लिहा."

लिहिलं. अजून चौदा चलनं राहिलीत, ती सोमवारी. बॅटरीवालाही सोमवारीच येतो म्हणालाय.