चाल्बी ते तुर्काना: ही प्रदक्षिणा उलटीच घाला

केनियाच्या उत्तर भागातल्या मार्साबिट गावापर्यंत नैरोबीहून ५०० किलोमीटरपेक्षा जास्त डांबरी रस्ता आहे. कस लागतो तो तिथून पुढे. मार्साबिट, कलाचा, नॉर्थ हॉर, लोइयांगालानी, लाइसामिस हा सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा घड्याळाच्या उलट दिशेनेच घ्यावा. चाल्बीचं वाळवंट आधी लागतं, तेव्हा टाकी भरलेली असते आणि मार्साबिटला परतणं शक्य असतं. उलटं आलात तर चाल्बी ओली असल्याचं नॉर्थ हॉरला कळतं, आणि तोवर निम्म्याहून जास्त डिझेल संपलेलं असतं.

चाल्बी फसवते. वर पांढरी, कडक मिठाची खपली, खाली चिकण चिखल. खपली फुटली की गाडी चाकं बुडेपर्यंत जाते, आणि दोर बांधायला आजूबाजूला एक झाडही नसतं. ताज्या चाकोरीतूनच चालवा, गडद डाग दिसला तर मागे फिरा. मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे महिने टाळा.

नॉर्थ हॉर ते लोइयांगालानी हा टप्पा जेमतेम शंभर किलोमीटरचा, पण टायर खाणारा. लाव्हाचे धारदार दगड टायरची बाजू चिरतात, आणि बाजूच्या चिरेला पंक्चरची पट्टी चालत नाही. म्हणून स्टेपन्या दोन हव्यात. वाळूत हवा २० पौंडांवर आणली असेल तर दगड लागण्याआधी २८-३० करा, नाहीतर टायर फुगून बाजू पुढे येते आणि नेमकी तीच कापली जाते. हवेचा पंप, आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी विसरू नका.

फोर-बाय-फोर इथे लिटरला पाच-सहा किलोमीटर देते, तेव्हा डिझेल १३० लिटर हवं. वाटेत पिंपातलं मिळालं तर फडक्यातून गाळून घ्या. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला सहा लिटर, शिवाय २० लिटर राखीव. तुर्काना सरोवराचं पाणी खारट, क्षारयुक्त आहे, त्यावर भिस्त नको. पाण्यात मगरी भरपूर. लोइयांगालानीला रात्री वारा असा सुटतो की तंबूच्या खुंट्या उपटतात. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. जवळच ३६५ पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत.

गुरं पळवण्यावरून इथे टोळ्यांमध्ये गोळीबार होतो. निघण्यापूर्वी मार्साबिटच्या पोलिसांकडे चौकशी करा, स्थानिक वाटाड्या घ्या आणि अंधारात गाडी चालवू नका. फोटो विचारून काढा, पैसे आधी ठरवा.

इथिओपियात उतरायचं असेल तर सरोवराकाठच्या वाटेचा मोह सोडून मोयाले गाठा. डिसेंबर २०२० मध्ये उद्घाटन झालेलं संयुक्त सीमा ठाणं तिथे आहे. पलीकडे वाहतूक उजवीकडून चालते आणि घड्याळ पहाटेपासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात त्यांचा एक. बसची वेळ विचारताना कोणतं घड्याळ ते आधी विचारा.

केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, काढावी लागते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या; दाखला नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

शाकाहाऱ्यांनी ‘न्डेंगू’ मागावं, ती आपली मुगाची उसळच. सोबत चपाती मिळते, आणि तिला तिथेही चपातीच म्हणतात.