टॅक ड्राइव्ह, पाचवी नोंद : दाते बरोबर, पीळ उलटा

माझ्या जुन्या मोटारीत टॅकोमीटर (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा मीटर) ज्या टॅक ड्राइव्हवर चालतो, त्यातला लहान गिअर, म्हणजे पिनियन, झिजला होता. मागच्या नोंदीत ज्या नव्या पिनियनची वाट पाहत असल्याचे लिहिले होते, ते शनिवारी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून हाती आले आणि अर्ध्या तासात निकामी ठरले. दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास, बुशमधील (पिनियन ज्या बाहीत फिरते तिच्यातील) फिरत हे सर्व नकाशाप्रमाणे होते. फक्त दात्यांचा पीळ (आट्यांसारखे तिरपे दाते ज्या बाजूला वळतात ती दिशा) उजवा असावयास हवा होता, तो डावा निघाला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की माझ्या 948 सीसीच्या स्टँडर्ड हेराल्डवर मी ट्रायम्फ स्पिटफायर या मोटारीचा टॅक ड्राइव्हवाला डेल्को कंपनीचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) बसवला आहे. त्याच्या उभ्या शाफ्टवरील गिअर आडव्या पिनियनला फिरवतो आणि पिनियनच्या चौकोनी भोकातून टॅकोमीटरची केबल निघते. समांतर शाफ्टांवरचे दोन हेलिकल (तिरप्या दात्यांचे) गिअर जुळण्यासाठी एकाचा पीळ उजवा आणि दुसऱ्याचा डावा लागतो. पण शाफ्ट काटकोनात असून दोन्हीकडे दात्यांचा कोन 45 अंशांचा असेल, तर दोघांचाही पीळ एकाच दिशेचा असावा लागतो. ज्या कारखान्याने काम केले, तेथे रोज गिअरबॉक्सचे, म्हणजे समांतर शाफ्टांचेच काम चालते. त्यांनी नमुन्यादाखल दिलेला शाफ्टवरचा उजवा गिअर पाहिला आणि जोडीदार डावा कापला. मूळ चूक माझी आहे, कारण नकाशावर मी 45 अंश लिहिले आणि पिळाची दिशा लिहिलीच नाही. मालकांशी अर्धे मराठीत आणि अर्धे कन्नडमध्ये बोलणे झाले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘साहेब, बाण कुठे काढला होता?’ त्यावर मला उत्तर नव्हते.

एक कबुलीही देऊन टाकतो. पिनियन उलट टोकाने बसवले तर पीळ बदलेल, अशा आशेने मी ते खरोखरच फिरवून पाहिले. नट उलटा धरला म्हणून डाव्या आट्यांचा उजवा होत नाही, हे शाळकरी मुलालाही कळते. शनिवारी रात्री अकरा वाजता मला कळले नाही.

मापांविषयी मात्र मी समाधानी आहे. अशा जोडीत दात्यांचा स्पर्श जवळजवळ एका बिंदूवर होतो, म्हणून झीज दात्याच्या मधल्या अरुंद पट्ट्यात होते आणि दोन्ही टोके कोरी राहतात. माझ्या दहा दात्यांच्या जुन्या पिनियनचा कोऱ्या टोकांवरचा व्यास 11.38 मिमी भरला, जो 36 डीपीशी (डायमेट्रल पिच, दात्यांच्या आकाराचे इंची माप) चांगला जुळतो. आपल्याकडे हॉब (दाते कापणारे हत्यार) मिळतो तो मॉड्यूल (दात्यांच्या आकाराचे मेट्रिक माप) 0.7 चा, आणि 36 डीपी म्हणजे मॉड्यूल 0.7056. या हॉबने साधा हिशेब धरून कापले, तर व्यास 11.30 येतो आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) किंचित वाढतो. म्हणून ब्लँक (दाते कापण्याआधीचा तुकडा) 11.38 लाच ठेवून हॉबची खोली तेवढी कमी करून घेतली. डाव्या पिनियनचे दाते भिंगाखाली पाहिले, तर ते मूळच्या दात्यांपेक्षाही स्वच्छ उतरले आहेत. चुकीच्या दिशेला का होईना, पण काम सुरेख आहे.

दुसऱ्या पिनियनला दहा दिवस लागणार म्हणून रविवारी जुने पिनियन पुसून टेबलावर ठेवले, आणि झिजलेल्या पट्ट्याकडे पाहता पाहता विचार आला की पट्टा जेमतेम दोन मिमी रुंद असेल आणि बाजूचे दाते कोरे असतील, तर पिनियनच बाजूला का सरकवू नये? बाहेरच्या बुशची आतली कड लेथवर दोन मिमीने उतरवली आणि पिनियनच्या आतल्या बाजूला तेवढ्याच जाडीचा कांस्याचा वॉशर घातला. निळी शाई लावून फिरवल्यावर ठसा कोऱ्या भागावर, झिजेच्या पट्ट्याबाहेर, उमटला. तो क्षण एवढ्या महिन्यांच्या कटकटीची भरपाई करणारा होता.

सोमवारी सकाळी भुरभुर पावसात पिरनवाडी ओलांडून खानापूर रस्त्याने गाडी नेली. पूर्वी 2200 फेऱ्यांच्या पुढे काटा थरथरून खाली बसत असे. आता 3500 पर्यंत तो एका रेषेत चढला.

अर्थात दाते झिजले कशाने, याचे उत्तर शोधल्याखेरीज नवा गिअरही टिकणार नाही. डॅशबोर्डमागे केबलला फार लहान वळण दिलेले होते आणि आतली तार पूर्ण कोरडी होती. तार रॉकेलने धुऊन ग्रीस लावले, पण वरचे काही इंच कोरडेच ठेवले, कारण ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरले की काटा चिकटतो. केबल आता दोन बोटांनी सहज फिरते. डिस्ट्रिब्युटर शाफ्टची उभी हालचालही नव्या शिमने (पातळ चकतीने) कमी केली, नाही तर तो खालीवर होऊन झिजेचा पट्टा वाढवतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिनियनविषयी दोघांनी विचारले होते. दाते टिकतीलही, पण चौकोनी भोकाचे कोपरे गोल होण्याची भीती आहे, म्हणून मी फॉस्फर ब्राँझवरच राहणार आहे.

आता घाई उरलेली नसल्याने बेत बदलला आहे. नव्या पिनियनचे दाते मुद्दाम एका टोकाकडे सरकवून कापून घेईन, म्हणजे पट्टा झिजल्यावर तेच पिनियन उलटे बसवता येईल आणि स्पर्श कोऱ्या भागावर जाईल. पीळ तर उलटे केल्याने बदलत नाहीच! नकाशावर यावेळी लाल शाईने बाण काढला आहे. डावे पिनियन फेकलेले नाही. चौकोनी भोक वायर कटने (विजेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या तारेने) नीट पडते का, याची चाचणी उद्या त्याच्यावर घेणार आहे.