काजूचं तेल नव्हतं ते, नागीण होती

एप्रिलमध्ये आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात निम्म्या घरांत कुणाच्या ना कुणाच्या हातावर फोड असतातच. काजूचा मोसम. बिया भाजताना-फोडताना टरफलातलं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, साल निघते, आणि कोणी मनावर घेत नाही. त्यामुळे आईच्या अंगावर फोड आले तेव्हा तिने कोणाला दाखवले नाहीत, आणि मी पणजीत बसून फोनवर ऐकलं तर मीही म्हटलं, खोबरेल लाव.

चूक इथेच झाली, कारण फोडांच्या आधी तीन दिवस ती सांगत होती की डाव्या बाजूला छातीखालून पाठीपर्यंत आग होतेय, मध्येच सुया टोचल्यासारखं होतं, आणि ब्लाऊजचं कापड लागलं तरी सहन होत नाही. वर जरा कणकण. डावी बाजू म्हटल्यावर बाबा घाबरले आणि इसीजी काढून आणला. नॉर्मल. (तो काढला ते बरोबरच, छातीत दुखतंय तर आधी हृदयच बघायचं.) मग गॅस झाला म्हणून ओवा, सोडा, सगळं झालं. कातडीवर काहीच नव्हतं ना, कळणार कसं!

काजूचं तेल जिथे लागेल तिथे पोळतं, हातावर, बोटांच्या मध्ये, चुकून हात पुसला तिथे. आईचे हात स्वच्छ होते. फोड होते ते घोसाघोसाने, लाल कातडीवर, पाण्याने भरलेले, आणि सगळे एकाच बाजूला, अर्ध्या पट्ट्यासारखे. पुढे छातीच्या मध्यावर आणि मागे मणक्यापाशी आखून दिल्यासारखे थांबलेले. हे शेजारच्या मावशीने ओळखलं, मी नाही. बघितल्याबरोबर म्हणाली, "नागीण गो ती!" ओळखलं अगदी बरोबर, पण पुढे म्हणाली की उतरवून घे, गेरू लाव, आणि दोन्ही तोंडं मिळायच्या आत, नाहीतर माणूस जातो. आई तेवढ्याने अर्धी खचली.

लहानपणी कांजण्या येऊन जातात पण तो विषाणू जात नाही, मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो, आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या नसेतून बाहेर येतो. नस एका बाजूची, म्हणून नागीणही एका बाजूची. तोंडं मिळून मरण वगैरे काही नाही. हां, डायबिटीस, किमो, स्टिरॉइड, एचआयव्ही असं काही असेल, किंवा फोड अंगभर पसरायला लागले, तर मात्र खरंच थांबायचं नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, फोड कधी आले? दुखणं कधी सुरू झालं ते नाही, फोड. कारण विषाणूवरच्या गोळ्या फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग. आम्ही कसेबसे तिसऱ्या दिवशी पोचलो. उशीर झाला म्हणून जायचंच नाही असं करू नका हं, नवे फोड येत असतील तर नंतरही देतात. गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस, बाबांनी मोबाईलवर पाच अलार्म लावले आणि प्रत्येक अलार्मला घरातला कुत्रा भुंकायचा.

दुसरा प्रश्न, घरात कोणी गरोदर आहे का? होती, बहीण, सहावा महिना. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडांतल्या पाण्यातून कांजण्या होऊ शकतात, ज्यांना आधी झाल्या नाहीत आणि लसही नाही त्यांना. बहिणीला दुसरीत असताना येऊन गेल्या होत्या म्हणून सुटलो. तरी फोडांवर खपली धरेपर्यंत आईने पट्टा झाकून ठेवला, टॉवेल वेगळा.

आणि चेहऱ्यावर आली तर वाटच बघायची नाही. कपाळ, पापणी, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कानात फोड, तोंड एका बाजूला वाकडं, ऐकू कमी, चक्कर, हेही तसंच. प्रचंड डोकं दुखतंय, मान आखडलीय, बोलण्यात घोळ होतोय, तर सरळ १०८.

आईच्या खपल्या तीन आठवड्यांत पडल्या. दुखणं नाही गेलं. फोड जाऊनही तीन महिन्यांच्या वर नस दुखत राहिली तर तो वेगळाच त्रास, वय जास्त तशी शक्यता जास्त, आणि त्याच्या गोळ्याही वेगळ्या, साध्या पेनकिलरने भागत नाही. आपल्याकडे २०२३ पासून पन्नाशीच्या वरच्यांसाठी नागिणीवरची नवी लस मिळते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मला काय होतंय. गणेश चवथीला आईने माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, खाली बसून नुसती सांगून बांधून घेतली, डावा हात वर करायला नको म्हणून, आणि बाबा स्टुलावर चढून सुपाऱ्या बांधता बांधता म्हणाले, त्या लशीचं काय म्हणत होतास रे तू?