तुम्ही विचारलंत म्हणून : खरी नक्कल

तीस वर्षं कोर्टाच्या नक्कल शाखेत काढली. अजूनही लग्नकार्यात कुणीतरी गाठतंच : "कोपऱ्यावर दोन रुपयांत झेरॉक्स निघते, मग तुमच्या नकलेला अर्ज, फी आणि हेलपाटे कशाला?"

शेवटी शेवटी आम्हीही झेरॉक्सच काढायचो हो. पण रुजवात सुटली नाही. रुजवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत जायचं. मगच 'खरी नक्कल' असा शिक्का आणि त्याखाली सही. पूर्वीच्या कागदांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' लिहीत. बरहुकूम म्हणजे चुकांसकट.

हे मी नवा असताना शिकलो. एका हुकूमनाम्यात चतुःसीमा लिहिताना 'पूर्वेस' दोनदा पडलं होतं, पश्चिम गायब. मी शहाणपणा करून दुसऱ्या ठिकाणी 'पश्चिमेस' टाइप केलं. रुजवातीला वरिष्ठांचं बोट तिथेच थांबलं. "तिकडे पश्चिम आहे, हे मलाही कळतं. पण दुरुस्ती कोर्ट करील, त्यासाठी दिवाणी संहितेत कलम १५२ आहे. तू माशीला माशी मार." अख्खं पान पुन्हा टाइप केलं.

आणि ते हेलपाटे. नकलेवर तारखा असतात : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. पक्षकार तिकडे बघत नाही, वकील आधी तेच बघतो. १९६३ च्या मुदत कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात. झेरॉक्सवाला ते दिवस कुठून देणार?

संध्याकाळी मात्र मी दुसऱ्याच नकलेत असायचो. हौशी नाटकात आपल्या वाट्याच्या संवादांना नक्कल म्हणतात. माझी नेहमी चोख पाठ. तरी दिग्दर्शक वैतागायचे, "नक्कल पाठ आहे रे, पण त्या मुंबईच्या नटाची नक्कल करू नकोस!" दिवसभर जे करून पगार मिळायचा, त्यालाच इथे शिव्या.

निरोपसमारंभात शाखेतल्या एका पोराने माझी नक्कल केली. चष्मा नाकावर ओढून, नाकातल्या आवाजात : "वादी, स्वल्पविराम, राहणार, स्वल्पविराम…" सगळे लोळले. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, रुजवात घ्या!"