त्याला आहे असंच धरून चालू

काय झालं होतं ते आधी स्पष्ट लिहिते, पुढचं सगळं त्यावरच ठरतं. आमचा संभोग झाला नव्हता. चुंबन झालं, अंगाला अंग लागलं, एकमेकांना हाताने स्पर्श केला आणि शेवटी त्याचं वीर्य माझ्या हाताला आणि मांडीला लागलं. एवढंच. पुढे आमचं फिसकटलं. मग एका मैत्रिणीकडून कळलं, की त्याचं बाहेर आधीपासून बरंच काही चालू होतं आणि निरोध वगैरेच्या भानगडीत तो पडत नाही. त्या रात्रीपासून एचआयव्हीच्या भीतीने झोप उडाली.

मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेत कॅशला असते. दिवसभर नोटा हाताळून बोटांना बारीक चिरा पडतातच. त्या दिवशीही उजव्या तर्जनीवर एक होती. माझी सगळी भीती त्या चिरेत जाऊन बसली. मोबाईलवर वाचावं तर 'जखमेतून संसर्ग होऊ शकतो' हे एक वाक्य तेवढं डोळ्यांत शिरायचं, आजूबाजूची दहा वाक्यं दिसायचीच नाहीत. मोबाईलच्याच टॉर्चवर आरशात जीभ बघायची, काखेत गाठ चाचपायची. साधी सर्दी झाली तरी छातीत धस्स. लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, कित्येकांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही, हे वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि जीभ न बघणं वेगळं.

आधी एका खाजगी लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या पोराने चार माणसांसमोर मोठ्याने विचारलं, "एचआयव्ही का? लग्नाचं आहे का?" आणि थायरॉईड, साखर धरून एका पॅकेजचा कागद पुढे सरकवला. मी स्कार्फ परत तोंडाला बांधला आणि बाहेर पडले.

मग १०९७ला फोन लावला. हा 'नॅको'चा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा टोल फ्री नंबर, नाव सांगावं लागत नाही. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्या सांगण्यात धोका दिसत नाही, पण मन मानत नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत जा; तपासणी फुकट असते आणि समुपदेशकाशी बोलता येतं. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. कुठल्याही गावच्या केंद्रात गेलं तरी चालतं. म्हणून मी गावं शोधायला बसले. मिरजेत मावशी, इस्लामपुरात आत्या, कोल्हापुरात काका, जयसिंगपुरात ताईचं सासर. आपली माणसं नसलेलं गाव या पट्ट्यात सापडणं अवघड. शेवटी सांगलीच्या सिव्हिललाच गेले. तिथल्या गर्दीत कोण कुठल्या खोलीत शिरतंय हे बघायला कुणाला सवड नसते.

खोली लहान. टेबलावर निरोधची खोकी, निरोध कसा चढवायचा ते दाखवायचं लाकडी लिंग, भिंतीवर लाल फितीचं पोस्टर आणि लांबलचक रकान्यांचं रजिस्टर. समुपदेशक मॅडम माझ्या आईच्या वयाच्या असतील. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "कोणाबरोबर ते मी विचारत नाही. काय कुठे लागलं, तेवढं सांगा." एवढ्या दिवसांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. माझं सगळं 'तो कसला होता' आणि 'मी असं कसं केलं' यातच फिरत होतं.

मी सांगितलं. त्याच्याबद्दल काय काय ऐकलं तेही सांगायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "त्याला आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. मग असं करू, त्याला आहे असंच धरून चालू. औषधंसुद्धा घेत नाही असं धरा. आता सांगा, विषाणू तुमच्या अंगात शिरला कुठून?"

मी तर्जनी पुढे केली.

त्यांनी खरोखरच माझं बोट ट्यूबलाइटखाली धरून बघितलं. चीर कधीच भरून आली होती. "त्या दिवशी यातून रक्त वाहत होतं का?" नव्हतं. वरवरची, सुकलेली. मग त्यांनी नीट समजावलं. एचआयव्ही पसरण्याइतका असतो तो रक्तात, वीर्यात आणि त्याआधी येणाऱ्या चिकट पाण्यात, योनीतल्या आणि गुदाशयातल्या स्रावात आणि आईच्या दुधात. लाळ, घाम, अश्रू यांतून तो पसरत नाही. आणि नुसता असून भागत नाही, त्याला आत जायला वाट लागते: योनीचं, गुदद्वाराचं किंवा लिंगाच्या तोंडाचं नाजूक अस्तर, वाहती उघडी जखम, नाहीतर सुईने थेट रक्त. धड कातडीतून तो जात नाही. शरीराबाहेर पडून स्राव सुकायला लागला की तो फार टिकतही नाही. हात, मांडी, कपड्यावरून घासणं, मिठी, चुंबन, यातल्या कशातच त्याला वाट मिळत नाही. म्हणजे त्या माणसाबद्दल वाईटात वाईट धरलं तरी उत्तर तेच. माझ्या डोक्यातला गुंता तिथे सुटला. त्याच्या चारित्र्याचा तपास मी उगाचच करत होते.

मात्र सगळ्यालाच त्यांनी 'काही होत नाही' म्हटलं नाही. वीर्य योनीच्या तोंडाशी लागलं असतं तर अजून प्रश्न विचारले असते म्हणाल्या; तिथे दिवस राहण्याचीही शक्यता असते. माझी पाळी वेळेवर येऊन गेली होती. मुखमैथुनात एचआयव्हीचा धोका फार कमी, पण तोंडात जखमा असतील तर थोडा वाढतो. संभोग असुरक्षित झाला असता, तर ७२ तासांच्या आत येऊन पेप नावाची, संसर्ग टाळायची औषधं सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. माझ्यासारख्या प्रसंगात ती देतच नाहीत. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती: नागीण नव्हे, पण गुप्तांगावर येणारी हर्पिस, सिफिलिस, चामखीळ आणणारा एचपीव्ही विषाणू हे कातडीला कातडी लागूनही होऊ शकतात. फोड, चट्टा, चामखीळ काही दिसलं तर त्याच दवाखान्यात गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. मला काहीच नव्हतं. पण मी ज्याला भीत होते तो या वाटेने येणारा नव्हता आणि जे येऊ शकत होते त्यांचं मी नावही घेतलं नव्हतं!

या सांगलीत 'संग्राम' संस्था १९९२पासून एचआयव्हीवर काम करतेय, १९९६मध्ये इथल्या धंदा करणाऱ्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. निरोधबद्दल गोकुळनगर या त्यांच्या वस्तीतल्या बाईला जेवढं ठाऊक, तेवढं आम्हा पदवीधर पोरींना ठाऊक नसतं, कारण आम्हाला दहावीच्या पुस्तकातलं प्रजननाचं प्रकरण 'घरी वाचा' म्हणून दिलं जातं.

"तपासणीची गरज नाही," मॅडम म्हणाल्या, "पण करायची तर करा." मी करायची म्हटलं. संमतीच्या कागदावर सही घेतली. एचआयव्हीबाबतचा २०१७चा कायदा आहे, त्यात संमती आणि गुप्तता दोन्ही येतात. रक्त घेतलं, त्याच दिवशी रिपोर्ट त्यांनीच हातात दिला. निगेटिव्ह. पहिल्या किटवर काही दिसलं तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासून मगच सांगतात, हेही तेव्हाच कळलं.

माझा पुढचा प्रश्न तयारच होता: संसर्ग असूनही तपासणीत दिसत नाही तो तीन महिन्यांचा विंडो पिरियड? परत येऊ का? त्या हसल्या. "तो हिशोब संसर्गाची शक्यता असेल तर. तुमच्यात मोजायला सुरुवात कुठून करायची? परत याच कारणाने आलात तर चहा देईन, रक्त घेणार नाही."

मी गेले नाही. जीभ बघायची सवय मात्र एकदम गेली नाही, हळूहळू सुटली.

सध्या घरात स्थळं बघणं चालू आहे. ठरलं तर लग्नाआधी दोघांनी आपणहून रक्त तपासून घ्यायचं, असं मी आईला सांगितलंय. तिथे त्या तपासणीला खरंच अर्थ आहे. आई म्हणते, असं विचारलं तर मुलाकडचे काय म्हणतील? मी म्हटलं, पत्रिका विचारतोच की आपण. बाबा अजून काही बोललेले नाहीत.